आबांचा सूर्यबंब

माझ्या बायकोचे मोठे काका, ज्यांना सगळं घर आणि अर्धा तालुका आबा म्हणायचा, त्यांच्याइतक्या निश्चिंत मनाने गोंधळलेला माणूस मी दुसरा पाहिला नाही. गोंधळ तुमचा-माझाही होतो. पण झाला की आपण थांबतो, डोकं खाजवतो, कुणाला तरी विचारतो. आबा थांबत नसत. एकदा ते पुतण्याच्या लग्नाला एरंडोलला गेले आणि चुकून शेजारच्या मांडवात शिरले. तिथे त्यांनी अक्षता टाकल्या, नवरदेवाला पोटाशी धरून डोळे पुसले, पंगतीत फिरून लोकांना आग्रहाने वरण-बट्टी वाढली आणि आपला पुतण्या आज एवढा गोरा कसा दिसतो याचं चारचौघांत कौतुकही केलं. खरा पुतण्या दोन घरं पलीकडे, ‘आबा येईपर्यंत थांबा’ म्हणून भटजींना थोपवून उभा होता. चूक कळल्यावर दुसरा माणूस शरमेने घरी गेला असता. आबा एवढंच म्हणाले, “लगीन तर लागनं ना?” आणि त्या परक्या कुटुंबाशी त्यांनी कायमची सोयरीक मानली. दर दिवाळीला त्या घरी आबांच्या मळ्यातला केळीचा घड जाई. डावं-उजवं त्यांना कधी कळलं नाही. माझ्या स्कूटरवर मागे बसले की म्हणत, “जावाईबापू, आते जेवाना हातले वळा.” आणि त्यासाठी आधी मनातल्या मनात एक घास खाऊन पाहत.

त्यांचं गाव धरणगावहून एसटीने थोडं आत. कापूस, केळी, आणि वर्षाचे दहा महिने कपाळावर येऊन बसल्यासारखं ऊन. मी जळगावला शाळेत विज्ञान शिकवत होतो, त्यामुळे रेडिओची खरखर, विहिरीवरची मोटार, म्हशीचं आटलेलं दूध या सगळ्या शास्त्रीय प्रश्नांसाठी आबांचं पोस्टकार्ड मला यायचं. त्यावर पत्ता बरोबर असला तर मागचा मजकूर दुसऱ्याच कुणाला लिहिलेला असे. तो ज्याला लिहिलेला असे त्याच्याकडे माझं कार्ड गेलेलं असे. आम्ही दोघं आपापली कार्डं बदलून घेत असू.

आता ही हकीकत सुरू होते ती अक्कांच्या, म्हणजे आबांच्या बायकोच्या, खोकल्यापासून. अक्का पहाटे चारला उठून अंगणात तांब्याचा बंब पेटवत. जळण म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेल्या पऱ्हाट्या. त्या पेटताना जो धूर काढतात तो ज्याने घेतला त्यालाच ठाऊक. नऊ माणसांच्या आंघोळी होईपर्यंत अक्का त्या धुरात बसून असत. त्यांचा खोकला वाढत वाढत असा झाला, की बोलताना त्या एका वाक्यात तीनदा थांबत. धरणगावच्या डॉक्टरांनी छाती तपासून आबांना सांगितलं, “घरातला धूर बंद करा, नाहीतर अवघड आहे.” आबांनी मान डोलावली. बाहेर येऊन त्यांनी खिशातला बिडीचा कट्टा काढला, दवाखान्यासमोरच्या गटारात टाकला आणि घरी आले. चाळीस वर्षांची बिडी एका मिनिटात सुटली. तोंड कडू झालं, दाढा शिवशिवल्या, मजुरांवर विनाकारण ओरडणं झालं. पण आबा बधले नाहीत. दोन महिने ते रोज अक्कांसमोर बसून खोकला कमी होण्याची वाट पाहत राहिले. अक्का पहाटे बंब पेटवत आणि खोकत राहिल्या. मी गेलो तेव्हा डॉक्टरांचं म्हणणं बंबाबद्दल होतं हे समजावून सांगितलं. “मंग मी बिडी कसाले सोडी?” असं आबांनी विचारलं. बिडी मात्र त्यांनी पुन्हा धरली नाही. सोडलेली गोष्ट परत कशी सुरू करायची, याचाही बहुधा त्यांना गोंधळ झाला असावा.

त्याच हिवाळ्यात जळगावच्या एका कृषी प्रदर्शनात आम्ही दोघं गेलो होतो. आबा ठिबकच्या नळ्या बघायला आले होते, पण उभे राहिले ते एका काचेच्या पेटीसमोर. पेटीत काळा पत्रा, त्याला चिकटलेल्या तांब्याच्या नळ्या, आणि वर आडवी टाकी. उन्हावर पाणी तापवणारं यंत्र. माहिती देणारा तरुण मुलगा उत्साहाने सांगत होता आणि आबा पेटीच्या मागे वाकून काहीतरी शोधत होते.

“काय हवंय, बाबा?”

“वायर कोठे शे?”

“वायर नाही. हे उन्हावर चालतं.”

“ते समजनं. पन वायर?”

मुलाने पुन्हा सगळं सांगितलं. ऊन काचेतून आत जातं, पाणी तापतं, तापलं की हलकं होऊन आपोआप वर टाकीत चढतं, पंप लागत नाही. टाकीला आतून जाड अस्तर असतं, त्यामुळे संध्याकाळचं पाणी पहाटेपर्यंत गरम राहतं. आबांनी मला बाजूला घेतलं. “जावाईबापू, पानी वर जास म्हने. त्याले ढकलस कोन?” हा धडा मी दरवर्षी सातवीच्या वर्गाला चंचुपात्रात भुसा टाकून शिकवत आलो होतो. मी आत्मविश्वासाने सुरुवात केली. आबांनी मधे चार प्रश्न विचारले आणि पाचव्या प्रश्नाला माझंच पाणी वर जायचं की खाली यायचं हे मला कळेना. शेवटी आबाच मला म्हणाले, “ऱ्हाऊ द्या. धूर नही ना त्याले? बस.”

यंत्र आलं. न्हाणीघराच्या स्लॅबवर बसवायला आलेल्या माणसाने काच दक्षिणेकडे तोंड करून ठेवली, गार पाण्याच्या नळीला निळी आणि गरमच्या नळीला लाल पट्टी गुंडाळली, आणि ‘याला हात लावू नका’ असं बजावून तो गेला. पट्ट्या बांधलेल्या ठिकाणी नळ्या गंजतील म्हणून आबांनी दुसऱ्याच दिवशी त्या सोडल्या आणि दाराचा उरलेला हिरवा रंग दोन्ही नळ्यांना फासला. मग पारावरच्या मंडळींनी दक्षिण ही यमाची दिशा असल्याचं त्यांच्या कानावर घातलं. आबांनी चार गडी लावून पेटी पूर्वेकडे फिरवली. त्यांचा युक्तिवाद असा: “सूर्य जठून येस तठे तोंड पाहिजे. पाव्हना उना आनि आपन पाठ करीसन बसनूत, चालस का?” पूर्वेला शेजाऱ्यांचा भलामोठा कडुनिंब होता. सूर्य त्यातून वर येईपर्यंत निम्मा दिवस जाई. तेवढ्यात न्हाणीचा नळ गळायला लागला. गावच्या मिस्त्रीने नवा बसवला आणि दोन हिरव्या नळ्यांपैकी त्याला जी आवडली ती जोडली.

इतकं होऊनही आबांची पत्रं येत होती ती विजयाची. पहाटे पाचला पाण्याने हात भाजतो, गावातले लोक बघायला येतात, आम्ही याचं नाव सूर्यबंब ठेवलं आहे, तुम्ही कधी येता. त्यातलं एक पत्र माझ्याआधी पशुवैद्याकडे जाऊन आलं होतं. मला आनंद झाला, थोडं नवलही वाटलं.

संक्रांतीच्या आसपास मी मुक्कामाला गेलो. पहाटे जाग आली ती खोकल्याने. बाहेर कडाक्याची थंडी होती. आबा नेहमीप्रमाणे मळ्यात फेरी मारायला गेले होते. खोकल्याचा आवाज मागच्या गोठ्यातून येत होता म्हणून मी तिकडे गेलो. दोन म्हशींच्या मधे, पोत्याच्या आडोशाला, जुना तांब्याचा बंब पेटलेला होता आणि अक्का धुरात बसून फुंकणी फुंकत होत्या. मला बघून त्या दचकल्या. मग पदराने डोळे पुसत म्हणाल्या, “त्यासले सांगू नका.”

“अक्का, पण सूर्यबंब?”

“एक बी दिन पानी ऊन नही येल त्याले.”

महिनाभर त्या, घरच्या सगळ्यांना गप्प बसवून, पहाटे गोठ्यात पाणी तापवत, न्हाणीत आबांची बादली भरून ठेवत आणि आबा परतले की म्हणत, “पानी काढेल शे.” आबांनी आयुष्यात कधी स्वतः नळ सोडून बादली भरली नव्हती, त्यामुळे त्यांना शंका येण्याचं कारणच नव्हतं. बघायला आलेल्या माणसाचा हात ते त्याच बादलीत बुडवत. एकदा कुणीतरी भर दुपारी येऊन नळ सोडला, तर गार पाणी आलं. आबांनी त्याला शांतपणे सांगितलं, की दुपारी यंत्र आराम करतं. सकाळी गोठ्यावर दिसणारा धूर शेजारणीच्या चुलीचा आहे अशी त्यांची समजूत होती. तिला ते दोनदा रागावूनही आले होते: “मन्ही बायकोले खोकला शे, तुले समजस का?” ती बिचारी खरं काय ते जाणून होती. मान खाली घालून तिने ऐकून घेतलं.

“पण कशासाठी अक्का? हे यंत्र तुमच्या खोकल्यासाठीच तर आणलं.”

अक्कांनी फुंकणी खाली ठेवली. “बठ्ठा गावले दखाडतस,” आबा गेले होते त्या मळ्याकडे बघत त्या म्हणाल्या. “मन्हासाठे बिडी सोडी. मन्हासाठे हाई आनं. आते हाई चालत नही, असं मी कोनता तोंडवरी सांगू?” आणि खोकला आला, तो बराच वेळ थांबला नाही.

त्या गोठ्यात मी चांगलाच पेचात सापडलो. सांगावं तर आबांची सगळ्या गावात शोभा, न सांगावं तर अक्कांची छाती. आबा मळ्यातून आले, बादलीतून वाफ निघत होती, मला हात घालायला लावला. “काय, मास्तर? शे ना ऊन?” मी “शे” म्हणालो. खोटं बोललो की खरं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

दोन दिवसांनी चतुर्थी होती आणि आबा पद्मालयाला गणपतीच्या दर्शनाला गेले. बस सुटताच मी ते चार गडी बोलावले. पेटी फिरवायच्या आधी मी अक्कांना विचारलं, कारण घर त्यांचं, पारावरचं बोलणं त्यांच्याही कानावर होतं. “दक्षिणेकडे तोंड करावं लागेल.”

“करा बिनधास,” अक्का म्हणाल्या. “यमले बी ऊन पानी लागत व्हई.”

पेटी फिरली. दुपारपर्यंत टाकीशी कान लावला तर आत पाण्याची हालचाल ऐकू येईल असं मला वाटायला लागलं. प्रश्न उरला नळ्यांचा. मी कागदावर आकृती काढली, बाण काढले, स्लॅबवर आडवा झालो, आणि पूर्ण विचाराअंती मिस्त्रीला डावी नळी तोडायला सांगितली. मिस्त्री करवत लावणार तोच अक्का शिडीवरून वर आल्या. त्यांनी एक हात या हिरव्या नळीला लावला, एक त्या. “हाई गार शे. ती ऊन शे,” एवढं म्हणून त्या भाकरी थापायला खाली निघून गेल्या. मिस्त्रीने त्यांनी दाखवलेली ऊन नळी न्हाणीच्या नळाला जोडली आणि मी आकृती घडी करून खिशात ठेवली.

संध्याकाळी आबा परतले. न्हाणीकडे, स्लॅबकडे, पेटीकडे त्यांनी सावकाश पाहिलं. “आज ऊन बराबर पडी ऱ्हायनं,” असं म्हणून ते पाय धुवायला गेले. दिशेचं त्यांच्या लक्षातच आलं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे अक्कांनी न्हाणीतला नळ सोडला आणि बादलीत खरोखरची वाफ आली. आबा फेरीहून आले, नेहमीसारखी आंघोळ केली, नेहमीसारखं समाधानाने अंग पुसलं. त्यांच्या लेखी काहीच बदललं नव्हतं. त्यांचं यंत्र पहिल्या दिवसापासून उत्तम चाललं होतं. बदल एवढाच, की त्या दिवशी अक्का सूर्य वर येईपर्यंत झोपल्या, आणि आबा ओसरीवर अस्वस्थ होऊन फेऱ्या मारत मला विचारत राहिले, “हाई आजारी शे का?”

खोकला पूर्ण गेला नाही, पण उन्हाळ्यापर्यंत अक्का एक वाक्य सलग बोलायला लागल्या. आणि बोलायला लागल्यावर कळलं की त्यांना पुष्कळ बोलायचं होतं. आबांनी मे महिन्यात यंत्राला ऊन बाधू नये म्हणून त्यावर गोधडी घातली आणि ती काढायचं विसरले, त्यावर तर त्या अख्खी दुपार बोलल्या. आबा ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर, दुसऱ्याच कुणाला तरी बोलणी बसताहेत, असा सहानुभूतीचा भाव होता.

पुढे वर्षं गेली. आबांचा गोंधळ हळूहळू वेगळाच होत गेला. आधी गावांची नावं गेली, मग माणसांची, मग घरातलीच माणसं सरमिसळ झाली. पूर्वी आम्ही हसायचो तिथे आता एकमेकांकडे बघायला लागलो. अक्का त्यांना हाताने आंघोळ घालत, सदऱ्याची बटणं लावत, आणि उन्हात खुर्ची टाकून बसवत. शेवटी शेवटी मी गेलो, तेव्हा ते तसेच बसले होते. मी पाया पडलो. त्यांनी प्रेमाने माझ्या पाठीवर हात ठेवला.

“तुम्ही कोनता गावना?”

“मी जळगावचा, आबा. शाळेत मास्तर आहे.”

त्यांचा चेहरा उजळला. “आमना जावाई बी जळगावले मास्तर शे,” ते म्हणाले. मग थोडं पुढे वाकून, परक्या माणसाला घरातली गोष्ट सांगावी तशा हलक्या आवाजात म्हणाले, “भला मानूस शे. फक्त जरा गोंधळेल शे.”

दारात उभ्या अक्कांनी तोंडाला पदर लावला. हसण्यासाठी लावला की कशासाठी, ते मला कळलं नाही. मी आबांचा हात हातात घेतला आणि म्हणालो, “हो आबा. ओळखतो मी त्याला.”