मानमोडीच्या सालातला पंच

सलाउद्दीन पिंजारी उभ्या आयुष्यात एकच मोठी कुस्ती लढले आणि ती हरले. शहाद्याच्या फडात, वयाच्या बाविसाव्या वर्षी, पहिल्या दोन मिनिटांतच. उजवा खांदा निखळला, तो पुन्हा नीट बसलाच नाही. त्यानंतर लढणं संपलं, पण बघणं सुटलं नाही. नवापूरपासून तळोद्यापर्यंत कुठेही फड भरला की कापसाचं पिंजण घरी ठेवून ते पायी निघायचे. वीस वर्षांत त्यांनी इतक्या कुस्त्या बघितल्या की पुढे लोक त्यांनाच पंच म्हणून उभं करू लागले. पाठ लागली की नाही यावर भांडण झालं, तर सगळा फड त्यांच्या तोंडाकडे बघायचा. त्यांनी मान हलवली की निकाल लागला. आम्ही सगळे त्यांना चाचा म्हणायचो.

ही हकिगत मी लहानाचा मोठा होईपर्यंत तिघांकडून ऐकली. माझ्या आजोबांकडून, आजीकडून आणि चाचांचे सोबती धनसिंगआबा यांच्याकडून. चाचांनी स्वतः कधी सांगितली नाही.

साल १९१८. तापी व्हॅलीच्या रेल्वेवरचं आमचं गाव तेव्हा लहानसा कसबा होता, पण गावाला म्युनिसिपालिटी होती. आजवर मामलेदारच तिचा प्रेसिडेंट असायचा. त्या वर्षी सरकारने कळवलं की आता मेंबरांनी आपल्यातूनच प्रेसिडेंट निवडावा. मेंबर नऊ. उभे राहिले दोघे. एक हिंमतराव पाटील, दसऱ्याची कुस्त्यांची दंगल भरवणारे, कुस्तीचे आश्रयदाते. दुसरे गजमल वकील, ज्यांनी फड कधी बघितलाच नव्हता. पाटलांनी सांगितलं होतं, मी निवडून आलो तर तालमीला पक्क्या भिंती आणि छप्पर बांधून देईन. वकील म्हणत होते, आधी दवाखाना.

चाचांच्या ओसरीवर रोज संध्याकाळी कुस्तीची शौकीन मंडळी जमायची. त्यातले दोघे नेमाने येत. जिनिंगमध्ये कापसाच्या गाठी उचलणारा भिला, आणि धनसिंग राजपूत, एके काळचे नावाजलेले पहिलवान. या तिघांपैकी कुणालाच मत नव्हतं. मत फक्त मेंबरांना. तरी बोलणं चालायचं ते जणू निकाल यांच्याच हातात आहे असं.

"पाटील प्रेसिडेंट व्हयना म्हणजे तालीमले छप्पर व्हई," भिला म्हणायचा. "वकील काय करी? कागद लिखी."

"वकील नुसता पकड धरून बसेल," धनसिंगआबा म्हणायचे. "पाटील डाव टाकणारा माणूस आहे."

चाचा कापूस पिंजता पिंजता ऐकायचे. तेही पाटलांच्याच बाजूचे होते. पावसाळ्यात तालमीतली माती चिखल होते आणि चार महिने पोरं घरी बसतात, याचं त्यांना फार वाईट वाटायचं.

सप्टेंबरच्या शेवटी गाडीने ताप आला. मुंबईहून सुरतेला आणि सुरतेहून आमच्याकडे. आधी स्टेशनातला एक हमाल पडला, मग त्याचं घर, मग गल्ली. अंग तापायचं, मान धरायची, तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस जायचा. लोकांनी त्याला मानमोडी नाव दिलं. त्या वर्षी पाऊस आधीच दगा देऊन गेला होता, घरोघर खायची ओढ होती, त्यामुळे अंगात ताकद कुणाच्याच नव्हती. दसरा आणि मोहरम त्या वर्षी लागोपाठ आले. दंगल भरली नाही. ताजियेही उठले नाहीत.

गावात मयत उचलायला माणसं मिळेनात. ज्यांच्या घरी चार पुरुष होते त्यांच्याही घरी चौघं आडवे पडलेले. तेव्हा तालमीची मंडळी पुढे आली. कुणी ठरवलं नव्हतं. एका सकाळी चाचांच्या शेजारच्या घरात म्हातारी गेली आणि उचलायला कुणी नव्हतं, म्हणून चाचा, भिला आणि धनसिंगआबा गेले. दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घरातून बोलावणं आलं. मग रोजच. हिंदूचं असेल तर नदीकाठी, मुसलमानाचं असेल तर कबरस्तानात. लाकूड संपलं तेव्हा हिंदूंनाही नदीकाठी पुरावं लागलं.

चाचांचा खांदा दुखायचा. ते डाव्या बाजूनेच तिरडी घ्यायचे. घरी आल्यावर चांदबी, त्यांची बायको, दारातच गरम पाणी ठेवायची.

"दो दिन से रोटी नहीं खाई तुमने," ती म्हणायची.

"भूक नहीं," ते म्हणायचे, आणि भिंतीला टेकून बसल्या बसल्याच त्यांना झोप लागायची. पिंजणाला हात लावायचं त्यांना सुचतच नव्हतं. लावला असता तरी काम नव्हतं. गेलेल्यांच्या गाद्या लोक गावाबाहेर जाळत होते आणि नवी गादी भरायची कुणाची हिंमत नव्हती.

एवढ्या सगळ्यात निवडणुकीचं बोलणं मात्र थांबलं नाही. उलट वाढलं. नदीवर हात धुताना, कबरस्तानाच्या भिंतीला टेकून, परतीच्या वाटेवर, भिला आणि धनसिंगआबा तेच बोलायचे. कुठला मेंबर पाटलांकडे, कुठला वकिलांकडे, कोण फुटेल. धनसिंगआबा मला एकदा म्हणाले, "दुसरं काय बोलणार होतो? सकाळी कोणाला पोचवलं आणि उद्या कोणाला, हे बोलत बसलो असतो तर तिसऱ्या दिवशी उठलोच नसतो."

मग धनसिंगआबांचा धाकटा भाऊ गेला. अठ्ठावीस वर्षांचा होता. वैद्य स्वतःच आजारी, डॉक्टर धुळ्याला. त्याला पोचवून परत येताना नदीवर तिघे बसले होते. भिलाने सवयीने पाटलांचं काहीतरी काढलं.

धनसिंगआबा पाण्याकडे बघत म्हणाले, "मन्हा भाऊ दवा बगर गया. माले छप्पर नको. दवाखाना पाहिजे."

"तू बाजू बदली ऱ्हायना," भिला म्हणाला.

"बदली ऱ्हायनू."

भिलाने चाचांकडे वळून विचारलं, "आन तू, भाई? तू कोना बाजूना शेस?"

"मी थकी गऊ, भिला," चाचा म्हणाले. "मी कोनाच बाजूना नही. हात धुवा आन चला."

निवडीची सभा दिवाळीच्या आधीच्या गुरुवारी ठरली होती. ती पुढे ढकलावी असं काही मेंबर म्हणाले, पण वरून तसा हुकूम आला नाही. नऊ मेंबरांपैकी एक तापाने गेला होता, एक गाव सोडून कुठे गेला ते कळत नव्हतं. उरले सात. तीन पाटलांचे, तीन वकिलांचे. सातवे मेंबर सुपडू शेठ, म्हणजे माझे आजोबा. तेलाचे व्यापारी आणि कुस्तीचे जुने शौकीन. सगळ्या गावाने धरून ठेवलं होतं की त्यांचं मत पाटलांना. पण आजोबा चार दिवसांपासून तापात होते.

हिंमतराव पाटील त्या दिवसांत गावाबाहेर मळ्यात राहत होते. बुधवारी ते घोड्यावरून आले आणि चाचांच्या ओसरीपासून दहा पावलांवर थांबले. खाली उतरले नाहीत.

"सलाउद्दीन, उद्या सुपडू शेठना बाजेवर घालून कचेरीत आणायचं," ते म्हणाले. "तुम्ही तिघं रोज हेच करता. एक फेरी माझ्यासाठी करा. तालमीचं काम आहे, माझं एकट्याचं नाही."

भिला लगेच म्हणाला, "आणतो, पाटील."

गुरुवारी सकाळी ते तिघे रिकामी बाज घेऊन आमच्या दारात आले. धनसिंगआबांना पाटील नको होते, तरी ते आले, कारण भिला आणि चाचा दोघांनी बाज पेलली नसती. माझी आजी हिराबाई दार उघडून बघते तर समोर ही तीन माणसं आणि बाज. गावात हे तिघे कुणाच्या दारी येतात ते तिला माहीत होतं. ती उंबऱ्यातच खाली बसली.

"ते जिवंत आहेत," ती म्हणाली. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

चाचांनी बाज बाहेरच ठेवायला लावली. आजीसमोर बसून त्यांनी कशासाठी आलो ते सांगितलं. आजीने आत बोट दाखवलं. "त्यांनाच विचारा. रात्रीपासून मत, मत करतायत."

आजोबा आतल्या खोलीत पडले होते. डोळे लाल, ओठ फुटलेले. चाचांना बघून त्यांनी हात वर केला. "चाल, उचल माले."

चाचा उशाशी बसले. "शेठ, जरा मान उचली दखाडा."

आजोबांनी जोर केला. मान उशीवरून हलली नाही. पुन्हा केला. कपाळावर घाम आला आणि डोकं एका बाजूला पडलं. बाहेर ऊन चढत होतं. कचेरीपर्यंतची वाट पाऊण मैल, सगळी उघडी.

"नही, शेठ," चाचा म्हणाले. "आज नही जाता येवाव."

"मत मन्हं शे. तुन्हं नही."

"हो. तुम्हनंच शे." चाचा उठले आणि बाहेर आले. आजीला म्हणाले, "दार लावून घ्या, बाई. आणि पाणी पाजत राहा."

भिलाने बाजेचा एक पाय धरून ठेवला होता. तो म्हणाला, शेठ स्वतः म्हणतात चला, मग आपण कोण? चाचांनी सांगितलं की कचेरीत पोचेपर्यंत ते जिवंत राहणार नाहीत. भिला म्हणाला, राहतील. चाचा म्हणाले, महिनाभर मी रोज बघतोय, मला कळतं. भिलाने बाजेचा पाय सोडला. मग म्हणाला, "फडात तुन्हं ऐकं. आठे, शेठना दारमा, फड नही." बाज तिथेच टाकून तो निघून गेला.

कचेरीत तीन आणि तीन मतं पडली. खुर्चीवर बसलेल्या सरकारी अधिकाऱ्याने बरोबरी फोडायला आपलं जादा मत वकिलांना दिलं. गजमल वकील प्रेसिडेंट झाले.

भिला चाचांच्या ओसरीवर आला नाही. मयत उचलायला येत राहिला, पण बोलायचा नाही. पाचव्या दिवशी तोही आला नाही. त्याची बायको फुलीबाई सांगायला आली की काल संध्याकाळपासून अंग तापलंय. चाचा तीन दिवस त्याच्या झोपडीत जात होते. ज्वारीची पातळ पेज करून चमच्याने घालायचे. भिला पेज घ्यायचा आणि तोंड भिंतीकडे वळवायचा. तिसऱ्या दिवशी तो एवढंच म्हणाला, "पाटील ऱ्हाता तं छप्पर व्हतं." चाचा "हो" म्हणाले. दुपारी तो गेला.

त्याला न्यायला चाचा आणि धनसिंगआबा दोघेच होते. मळा दोन मैलांवर होता, पाटील आले नाहीत. गजमल वकील गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत आले, नाकाला कापराचा रुमाल लावून उभे राहिले आणि मग वळले. फुलीबाईच्या भावाला आणि आणखी एका शेजाऱ्याला बोलावून आणावं लागलं.

दिवाळीनंतर ताप ओसरला, आला तसाच. वकिलांनी शब्द पाळला. एका पडक्या धर्मशाळेत दवाखाना निघाला, आठवड्यातून दोन दिवस कंपाउंडर यायचा. पण तो निघाला फेब्रुवारीत. तोपर्यंत गावात आजारी पडायला फारसं कुणी उरलं नव्हतं.

माझे आजोबा वाचले. बरे होऊन काठी टेकत पहिल्यांदा बाहेर पडले ते थेट चाचांच्या ओसरीवर. चार लोकांसमोर म्हणाले की तू माझं मत घालवलंस. चाचांनी पिंजण थांबवून ऐकून घेतलं. दोघांचं येणं-जाणं तीन वर्षं बंद होतं.

दंगल पुढच्या दसऱ्याला भरली. पाटलांनी माणूस पाठवला, पंच म्हणून या. चाचांनी निरोप दिला की डोळे आता तेवढे चालत नाहीत. डोळ्यांना काही झालं नव्हतं. ते फडात जायचे, मागे माणसांत बसून बघायचे आणि कुस्ती संपायच्या आधी उठून घरी यायचे. कुणी निकालाबद्दल विचारलं तर म्हणायचे, पंचांना विचारा.

चौथ्या वर्षी आजोबांची एक गादी फार विरली, म्हणून आजीने त्यांना चाचांकडे पाठवलं. आजोबा ओसरीवर बसले. चाचांनी कापूस पिंजून संपवला. मग आजोबांनीच काढलं. म्हणाले, त्या दिवशी मी पाटलांना मत देणार नव्हतो. माझ्या गल्लीतून अकरा माणसं गेली होती. मी वकिलांना देणार होतो. तुम्ही सगळे तालमीचे, तुम्हाला वाईट वाटेल म्हणून कुणाला बोललो नव्हतो.

चाचांनी हातातला कापूस खाली ठेवला.

"हाई भिलाले सांगाले पाहिजे व्हतं, शेठ," ते म्हणाले.

आजोबा म्हणायचे, त्यात राग नव्हता. रागवायला जेवढा जीव लागतो तेवढा त्या माणसात उरलाच नव्हता. मग चांदबीने दोघांना चहा दिला, चाचांनी गादी भरली, तोंड शिवलं आणि आजोबांच्या नोकराच्या डोक्यावर ती नीट ठेवून दिली.