हिवाळी टायर आणि सासरेबुवांचा दसरा

वोल्फ्सबुर्गला राहायला आलो तेव्हा माझी समजूत होती की जर्मन लोक ख्रिसमस आणि ईस्टर असे दोनच सण मानतात. साफ खोटं. त्यांचा खरा सण ऑक्टोबरात येतो आणि त्याचं दैवत गोल, काळं आणि रबराचं असतं. पहाटेच्या गवतावर पांढरं दिसायला लागलं, की अख्खं गाव उन्हाळी टायर उतरवून हिवाळी टायर चढवायला निघतं. ऑफिसात "कसा आहेस?" असं कोणी विचारत नाही, "टायर झाले?" असं विचारतात. नाही म्हणालात, तर लेंगा न घालताच कँटीनमध्ये आल्यासारखं तुमच्याकडे बघतात. आमच्या मजल्यावरच्या एका बाईंनी घटस्फोटाची तारीख पुढे ढकलली होती, कारण त्याच दिवशी त्यांचा टायरचा टेर्मिन, म्हणजे आगाऊ ठरवलेली वेळ, होता. ही गोष्ट मला तिसऱ्याच माणसाने सांगितली. पण इथल्या टेर्मिनचा रुबाब बघता ती खरीच असणार.

या धर्मातला मी पुजारी. माझी नोकरीच ती. टायर बर्फावर किती घसरतो, याचं गणित काँप्युटरवर मांडायचं. पाच वर्षांत मी पडद्यावर हिमालयाएवढा बर्फ पसरला आणि वितळवला. खऱ्या टायरला मात्र बोटही लावलं नव्हतं. ते काम वर्षातून दोनदा वर्कशॉपवाला करायचा आणि मी बाजूला त्याची फुकटची कॉफी प्यायचो.

ही बारीकशी बाब लग्न ठरताना सांगायची राहून गेली. सासरे सरकारी बसडेपोतून फोरमन म्हणून निवृत्त झालेले. मुलगी बघायला गेलो, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला, "जर्मनीत नेमकं काय करता?"

"टायरचं काम," मी म्हणालो.

दुसऱ्या कुठल्याही घरात एवढ्यावर स्थळ मोडलं असतं. इथे सासऱ्यांचे डोळे भरून आले. त्यांचे दोन्ही मुलगे बँकेत. घरात पाना धरणारा कोणी उरला नव्हता. "म्हणजे हाताला काळं लागतं तर!" ते म्हणाले. मी मान डोलावली. नुसती मान, तोंडाने एक अक्षर खोटं बोललो नाही. पण सासुरवाडीतली माझी सगळी पत त्या डोलावलेल्या मानेवर उभी होती आणि पाच वर्षं ठणठणीत उभी राहिली. बँकवाल्या मेव्हण्यांना ऊठसूट माझा दाखला दिला जायचा. दोघंही मला पाण्यात बघत. मला त्याचं फार वाईट वाटत नसे.

मग एका सप्टेंबरात सासरे तीन महिन्यांसाठी आमच्याकडे आले. बर्फात उभं राहून फोटो काढायचा, एवढीच त्यांची इच्छा.

दसऱ्याच्या सकाळी मी गाडीची किल्ली घेऊन गुपचूप निघालो होतो. त्यांनी दारातच अडवलं.

"कुठे निघालात?"

"टायर बदलायला, बाबा. वर्कशॉपचा टेर्मिन आहे."

"वर्कशॉपमध्ये? तुम्ही घरचे असताना?"

"कंपनीतलं काम घरी करायला इथे मनाई आहे," मी ठोकून दिलं. "कडक कायदा आहे."

"असेल. पण आज दसरा. आज पान्याला हात लागत नाही." त्यांनी किल्ली माझ्या हातातून काढून घेतली. "आमच्या डेपोत आजच्या दिवशी सगळे पाने धुऊन पाटावर मांडायचे. मंत्र्याची गाडी बंद पडली तरी बोल्ट फिरत नसे. आज चाकाला फूल वाहायचं, चाक उपटायचं नाही. फोन करा आणि सांगा त्यांना."

मी फोन केला. पलीकडच्या बाईंनी काळजीने विचारलं, घरात कोणी आजारी आहे का? नाही म्हटलं, आज आमच्याकडे पान्याची पूजा असते, म्हणून आज त्याला काम सांगता येत नाही. बराच वेळ कागद चाळल्याचा आवाज येत राहिला. "आल्झो, बरं तर," बाई शेवटी म्हणाल्या, "मग डिसेंबरच्या मध्यावर या."

झेंडू कुठेच मिळाला नाही. फुलवालीने पिवळी शेवंती दिली. तिचा हार करून सासऱ्यांनी गाडीला घातला, चाकांना हळदकुंकू वाहिलं, उदबत्ती ओवाळली. आता जर्मन माणूस शरद ऋतूत शेवंती कुठे नेतो, तर कबरीवर. पाचव्या मिनिटाला शेजारचे आजोबा टोपी हातात घेऊन, मान खाली घालून आले. कारखान्यातून निवृत्त झालेला, चार वाक्यांत वर्ष काढणारा हा गृहस्थ. "कोण गेलं?" माझा हात धरून त्यांनी हलकेच विचारलं. मी म्हटलं, कोणी नाही, हे गाडीसाठी आहे. त्यांनी माझा हात आणखीच घट्ट दाबला.

नोव्हेंबरच्या मध्यावर टीव्हीवर बातमी आली: शनिवारी रात्री हार्त्सच्या डोंगरांत बर्फ. सासरे सकाळी सात वाजता अंगात स्वेटर, डोक्याला मफलर अशा थाटात बूट घालून तयार. "उद्या फोटो. आज टायर. दसरा संपला, जावईबापू, काढा हत्यारं. कायदा वगैरे असेल तर मी बघतो."

हिवाळी चाकं तळघरात होती. बायकोने त्यांची चवड रचून वर टेबलक्लॉथ घातला होता आणि त्यावर लोणच्याच्या बरण्या मांडल्या होत्या. "अहो, बघा हं, लिंबाची बरणी फुटली तर याद राखा," ती ओरडली. एरवी ती मला अरे-तुरे करते. वडील आले की मी 'अहो' होतो, आणि 'अहो'ला जरा जास्त शिव्या बसतात.

अंगणात मी गाडीखाली जॅक लावला आणि तज्ज्ञाच्या थाटात पुढचं चाक हातभर वर उचललं. मग बोल्टला पाना लावून जोर दिला. चाक फिरलं. पुन्हा जोर दिला. चाक पुन्हा फिरलं. इतकं छान फिरलं, की जत्रेत लावलं असतं तर पोरांची रांग लागली असती. कुंपणापलीकडे शेजारचे आजोबा कॉफीचा कप तोंडाशी नेता नेता थांबले. बोल्ट आधी, चाक जमिनीवर असतानाच सैल करायचे असतात, हे जगात फक्त मलाच माहीत नव्हतं.

सासरे शांतपणे जवळ आले. "जावईबापू, चाकाला झोका देताय?"

मी पाना खाली ठेवला.

"खरं सांगा. टायरला आजवर किती वेळा हात लावलात?"

"काँप्युटरवर..."

"काँप्युटरवर हाताला काळं लागतं?"

"नाही, बाबा."

पाच वर्षांची पत जॅकवरून खाली आली. सासऱ्यांनी स्वेटरच्या बाह्या सारल्या, जॅक उतरवला, पान्यावर पाय दिला आणि पाचही बोल्ट असे सैल केले, जणू बाटल्यांची बुचं. "बोल्ट धरा. मागेन तसे द्या." दोन विद्यापीठांच्या पदव्या घेतलेला मी, ओंजळीत बोल्ट घेऊन उकिडवा बसलो.

तीन चाकं बसली. शेजारचे आजोबा आता कुंपण ओलांडून आले होते. सोबत त्यांचा खास पाना: बोल्ट ठरलेल्या मापाने आवळला, की 'कट्' वाजतो. हा पाना ते नातवंडांनाही हाताळू देत नाहीत. त्यांनी सासऱ्यांचे पंधराही बोल्ट तपासले. कट्, कट्, कट्. नुसत्या मनगटाच्या अंदाजाने पंधराच्या पंधरा मापात! आजोबा थिजले. "गेनाऊ," म्हणजे 'अगदी अचूक', ते पुटपुटले, मग मोठ्याने "गेनाऊ!" आणि त्यांनी सासऱ्यांशी हात मिळवला. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती. अर्धा तास गप्पा मारल्या.

"चौथं तुमचं," सासरे मला म्हणाले.

"राहू द्या ना बाबा, तुम्हीच करा."

"डिसेंबरात मी परत जाणार. या गाडीत माझी मुलगी बसते."

मी चौथं चाक काढलं, नवं चढवलं, बोल्ट आवळले, बोट चेमटवलं. हाताला काळं लागलं, नाकालाही. आजोबांनी माझेही पाच बोल्ट तपासले. वाजले. जायच्या आधी त्यांनी तो पाना माझ्या हातात ठेवला आणि बजावलं: पन्नास किलोमीटर चालवल्यावर सगळे बोल्ट पुन्हा तपासायचे. नवं चाक बसता बसता जरा सैलावतं.

रविवारी हार्त्सच्या पायथ्याच्या पार्किंगमध्ये बर्फ घोट्यापर्यंत होता. बायकोने कॅमेरा काढला, सासरे म्हणाले, "थांब. आधी बोल्ट." पाना घेऊन ते थेट माझ्या चाकाशी गेले. एक, दोन, तीन, चार, पाच. कट्. जागचे हललेसुद्धा नाहीत. "हं," ते म्हणाले. सासऱ्यांच्या कोशात 'हं' म्हणजे पद्मश्री.

मग पाना माझ्याकडे आला आणि मी त्यांच्या तीन चाकांकडे वळलो. चौदा बोल्ट वाजले. पंधरावा वाजण्याआधी फिरला. थोडासाच. पाव वळसा म्हणा. बरं, पाव नाही, करवंदाएवढा. पण फिरला!

सासऱ्यांनी वाकून त्या बोल्टला बोट लावून पाहिलं.

"थंडीने," सासरे म्हणाले.

"बाबा, थंडी चारही चाकांना सारखीच आहे."

त्यांनी एकदा मुलीकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग मफलर नीट केला, कालचं काळं अजून न निघालेला माझा हात धरून मला गाडीच्या पुढे, स्वतःच्या शेजारी उभं केलं आणि म्हणाले, "काढ गं फोटो. हात दिसू देत यांचे. बँकवाल्यांना पाठवायचाय."