आकारामची दवंडी

भाऊसो मास्तरांनी आकारामला पहिल्यांदा नीट पाहिलं ते बेचाळीसच्या उन्हाळ्यात, आष्ट्याजवळच्या त्यांच्या गावात. हलगी वाजवत तो शाळेसमोर थांबला आणि ओरडला, "ऐका हो ऐका, गावावर हल्ला झालाय, शत्रू वेशीच्या आत आलाय." पोरं दाराशी धावली. शत्रू म्हणजे पाटलांच्या उसात शिरलेली मोकाट गुरं होती. मास्तर पोट धरून हसले.

जगात लढाई पेटलेली. मास्तर पारावर वर्तमानपत्र वाचत आणि आकाराम त्यातले शब्द उचलून दवंडीत घाली. देवी टोचणारे आले की चढाई, सारा भरायचा असला की निकराची लढाई, उंदरांवर तर तोफखानाच. बायका चुलीपुढून उठून ऐकायला येत. एखादा शब्द झकास बसला की मास्तर त्याची पाठ थोपटत.

चव्वेचाळीसला त्याचा फौजेतला पोरगा अर्जुना इटलीच्या लढाईत पडला. तार मास्तरांनीच वाचून सांगितली. तेराव्यानंतर आकारामनं हलगी पुन्हा गळ्यात अडकवली, पण असेल तेवढंच सांगून तो पुढं सरके. गावाला ती दवंडी अळणी लागली. वर्षभरानं गावाला अर्जुनाचा विसर पडल्यावर शेजारची राहीबाई चेष्टाही करायची, "तुजी फौज रजंवर गेली काय रं?" तो खाली मान घालून निघून जायचा.

शेहेचाळीसच्या पावसाळ्यात पटकीची साथ आली. आकाराम गल्लोगल्ली सांगत फिरला, "वरच्या आडाचं पानी पिऊ नका. मानसं मरत्यात." कुणी उंबऱ्यापर्यंतही आलं नाही. मास्तरांनी त्याला गाठून विनवलं, की पूर्वीसारखं ओरड, शत्रू म्हण, हल्ला म्हण, म्हणजे लोक बाहेर येतील.

"आवं मास्तर, म्हनून बघितलं," तो म्हणाला. "शत्रू म्हनलं की अर्जुनाच दिसतुया. म्होरं तोंडच उगडत न्हाई."

मग मास्तर स्वतः घरोघर फिरले, पण तोवर उशीर झाला होता. आठवड्यात अकरा माणसं गेली. त्यांत राहीबाईची दोन्ही पोरं होती. ती आकारामच्या दारात येऊन उभी राहिली.

"गुरं शिरली तवा सारं गाव गोळा केलंस," ती म्हणाली. "माज्या पोरांच्या येळंला एवडं हळू का बोललास?"

 मास्तर शेजारीच उभे होते. त्या शब्दांसाठी त्याची पाठ थोपटणारे तेच होते.

दुसऱ्या दिवशी आकारामनं हलगी चावडीत नेऊन ठेवली. आता तो सांगलीला हळदीच्या पेठेत पोती शिवतो.