थांबलेला माग

मी परदेशात एमएस करतोय. माणसाचं बोलणं यंत्राला कळावं, हा माझा विषय. सुट्टीत नागपूरला आलो, तेव्हा गोंगाटातलं बोलणं रेकॉर्ड करायला कामठीच्या एका पॉवरलूमवर गेलो. वीस माग धडधडत होते. एक म्हातारा विणकर त्यांच्याकडे पाठ करून माझ्याशी बोलत होता. मध्येच तो उठला, धागा तुटून बंद पडलेल्या नेमक्या मागापाशी गेला आणि गाठ मारून परत आला.

"काका, एवढ्या आवाजात कसं कळते तुम्हाले?" मी ओरडून विचारलं.

तो कानाशी वाकला. "चालू हायेत त्याइले मी आयकतच नाही, बाबू. जो चूप झाला, त्याले आयकतो."

आमच्या लॅबमध्ये रेकॉर्डिंगमधली शांतता आधी कापून टाकतात. हे रेकॉर्डिंग मी तसंच ठेवलंय. कितीदा ऐकलं, पण तो माग कधी थांबतो, ते मला अजून सापडलेलं नाही.