व्हर्नानं खोडलेली ओळ

व्हर्ना हलुश्काला गेली दोन वर्षं कशाचाच वास येत नव्हता. तापात गेला तो परत आलाच नाही. लसूण परततानाही नाही, पेरोगी करपली तरी नाही. एरवी यात सांगण्यासारखं काही नव्हतं. पण बाई गावच्या स्केटिंग रिंकची राखणदार, आणि बर्फ गोठवायला तिथे अमोनिया. गळती झाली की आधी नाकाला कळतं, मग फुप्फुसांना. तिनं ही गोष्ट कुणालाच सांगितली नव्हती. एकसष्टाव्या वर्षी कॅनडातल्या सॅस्कॅचेवानच्या त्या एवढ्याशा गावात तिला दुसरी नोकरी कोण देणार होतं?

नाकाचं काम तिनं ऑफिसातल्या जुनाट कॉम्प्युटरवर सोपवलं. वायू मोजणारा प्रोग्राम त्याच्यावरच चाले, भोंगाही त्यालाच जोडलेला. पण गाण्यांचा आणि गुणफलकाचा प्रोग्राम सारखे पुढे पुढे करून वायूचा आकडा झाकून टाकत. व्हर्नानं पुस्तकं चाळून एक बॅच फाईल, म्हणजे कॉम्प्युटरनं ओळीनं पाळायच्या हुकमांची यादी, लिहिली: वायूची विंडो सगळ्यांच्या पुढे आण, दहा सेकंद थांब, पुन्हा पहिल्यापासून. मोजून सात ओळी, पण बाईंचा तोरा धरण बांधल्याचा.

मग नोव्हेंबरात रेडिओवर दूरच्या कुठल्याशा रिंकमधल्या गळतीची बातमी आली. दहा सेकंदांत किती वायू पसरत असेल, एवढंच तिच्या डोक्यात. शनिवारी सकाळी आल्या आल्या तिनं थांबायची ओळ खोडून टाकली. आता विंडो क्षणभरही झाकली जाणार नव्हती. आकडा होता तीन, म्हणजे धोका नव्हता. तिला जरा हायसं वाटलं.

दहाला छोट्यांचा वर्ग सुरू झाला. बावीस पोरं बर्फावर धडपडत होती, आणि शिकवणारी मार्लिस त्यांच्यात वाकून वाकून चालली होती. व्हर्ना कॉफी घेऊन आकड्यासमोर बसली. तीन. साडेदहालाही तीन. मग तिची नजर विंडोच्या कोपऱ्यातल्या वेळेवर गेली. तिथे नऊ अठरा होते. भिंतीवर दहा पस्तीस.

थांबायची ती ओळ उगाच नव्हती. ती गेल्यावर फाईल दम न घेता तेच ते करत सुटली होती, सगळा प्रोसेसर एकटीनं खात होती, आणि वायू मोजायला त्याच्याकडे सवडच उरली नव्हती. तो तीनचा आकडा सव्वा तासापूर्वीचा होता. आत्ता किती, कुणास ठाऊक. तिनं माउस हलवला, बाण जागचा हलेना. तिनं छाती भरून वास घेतला. काही नाही. दोन वर्षांत ती इतकी कधी घाबरली नव्हती.

"मार्लिस, पोरं बाहेर काढ," ती रिंकच्या कठड्याशी येऊन म्हणाली. "आत्ताच्या आत्ता."

"अगं, बाहेर उणे बावीस आहे. आणि पायात स्केट्स असताना कशी..."

"उचलून काढ."

पाच मिनिटांनी बावीस पोरं बाहेरच्या बर्फात, एकमेकांना चिकटून. निम्मी रडत होती.

"झालंय तरी काय?" मार्लिसनं विचारलं. तिची स्वतःची मुलगी तिच्या कडेवर होती.

"आत तुला वास आला का गं? अमोनियाचा?"

"छे. पोरांच्या मोज्यांचा आला तेवढा. का? तुला आला?"

व्हर्नाला हो म्हणता आलं असतं. एका होवर सगळं मिटलं असतं, वर शाबासकी मिळाली असती. तिनं तोंड उघडलंही.

"मला येतच नाही," ती म्हणाली. "दोन वर्षं झाली. कशाचाच नाही."

मार्लिस बघतच राहिली. "दोन वर्षं? अगं, ही तीन वर्षांची असल्यापासून मी हिला आणतेय. मग आत लक्ष कोणाचं होतं?"

"कॉम्प्युटरचं. आणि तो आज सकाळी मीच बंद पाडला."

मार्लिसनं मुलीला त्या कडेवरून या कडेवर घेतलं, व्हर्नापासून लांबच्या.