आमच्याकडे राहणारे आगटे

टोपणनावाने लिहिणाऱ्या माणसाकडे किस्से न मागता साठत जातात. आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांसारखे. टाकवत नाहीत, आणि दर दिवाळीला दोन-चार वाढतात. माझं कपाट आता भरलंय, म्हणून थोडे वाटून टाकते.

आधी नावाचं सांगते. प्रसादच्या नोकरीमुळे आम्ही कोलकात्याला आलो. त्याचं ऑफिस गार्डन रीचला, घर बेहालाला. इथला मराठी गोतावळा एवढासा. एकीची आमटी करपली तर दुसरीला संध्याकाळच्या आत कळतं. अशा ठिकाणी माणसांवर कथा लिहायच्या आणि त्याच माणसांकडे हळदीकुंकवाला जायचं, म्हणजे कठीण काम. म्हणून पहिली कथा दिवाळी अंकाला पाठवताना खाली नाव घातलं, श्रीधर आगटे. आगटे सर आम्हाला शाळेत गणित शिकवायचे. त्यांना उलट विचारायची कुणाची छाती नव्हती.

प्रसादला हे माहीत होतं. सासूबाईंना सांगितलं नाही, कारण आगटेंच्या प्रत्येक कथेत कुठे ना कुठे त्या असायच्याच. कधी त्यांचं एखादं वाक्य, कधी नुसता त्यांचा रुसवा. साताऱ्याचं घर बंद करून त्या आमच्याकडे राहायला आल्या. मराठीत गप्पा मारायला दिवसभर मी एकटीच. सून आपलं बोलणं छापते हे कळलं आणि त्या माझ्याशी जपून बोलायला लागल्या तर? मला खरंच धास्ती होती.

*

महिन्यातल्या एका रविवारी बालीगंजला देशपांडेकाकूंकडे आम्ही मराठी मंडळी जमतो. कुणीतरी एक कथा मोठ्याने वाचतं, मग चहा-फराळ. एकदा काकूंनी नेमकी आगटेंची कथा काढली. तिच्यातली बाई प्रत्येक कार्यक्रमातून नवऱ्यासाठी म्हणून डबा भरून नेते. ही बाई म्हणजे आमच्या गोखलेवहिनी. त्या माझ्या शेजारीच बसल्या होत्या.

सगळ्यात जास्त हसल्या त्या गोखलेवहिनीच. डोळे पुसत माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "अगं, ही तर हुबेहूब देशपांडेकाकू! बिचारीला कळलंही नाही."

मग उठल्या आणि उरलेले पॅटिस डब्यात भरायला लागल्या. "यांना फार आवडतात गं."

*

सासूबाईंची नजर आता फार अधू झालीय. अक्षर दिसत नाही. त्यामुळे दुपारी जेवणं झाली की मी त्यांना दिवाळी अंक वाचून दाखवते, त्यात आगटेंच्या कथाही आल्या. नजरेचं सगळं बळ कानात उतरलंय. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट थांबली तरी सांगतात, "वरच्या मित्राबाबूंकडे पाहुणे आले."

एकदा एका लेखकरावांची कथा काही केल्या संपेना. नायक गच्चीवर उभा राहून विचारच करत होता. मी हळूच दोन पानं एकदम उलटली आणि पुढे वाचायला लागले.

"दोन उलटलीस," सासूबाई म्हणाल्या. "जाड आवाज आला. असू दे, मलाही कंटाळाच आला होता."

*

एका संपादकांचा फोन आला. "आगटेसाहेब आहेत का?"

प्रसाद ऑफिसला गेलेला. मी म्हटलं, "ते बाहेर गेलेत. मी त्यांची मिसेस."

"वहिनी, साहेबांना सांगा, बायकांच्या मनातलं त्यांना जे कळतं, ते भल्याभल्या लेखिकांना कळत नाही."

मी सांगते म्हटलं. संपादक जरा घुटमळले. "तुमची काही मदत होते का हो त्यांना?"

"होते ना," मी म्हटलं. "चहा करून देते."

*

आगटेंच्या नावाने अंक कुरियरने यायला लागले आणि वेगळाच गोंधळ झाला. वरच्या मजल्यावरच्या मित्राबाबूंनी अशी दोन-तीन पार्सलं आमच्या वतीने घेतली आणि आमच्याकडे आगटे नावाचे कुणी गृहस्थ राहतात असं ठरवून टाकलं. जिन्यात भेटले की विचारणार, "आगटेबाबू कैसे हैं? एकदम बाहर नहीं निकलते?"

"तबियत थोडी नाजूक है," मी एकदा बोलून गेले.

झालं. दुर्गापूजेत अष्टमीला मित्राबाबू भोगाची पानं घेऊन स्वतः आले. गरम खिचडी, मिक्स भाजी, टोमॅटोची चटणी. दारातूनच खणखणीत आवाजात म्हणाले, "ये आप तीनों का, और ये एक आगटेबाबू का! उनको बोलिए, माँ का भोग है, सब ठीक हो जाएगा."

सासूबाई तिथेच खुर्चीत बसल्या होत्या. आता काय सांगायचं? मी शब्द शोधत होते, तोवर त्यांनी आपलं पान संपवलं, हात पुढे केला आणि म्हणाल्या, "ते चौथंही इकडे दे. गार होईल."

सगळं खाल्लं. आगटे कोण, हे विचारलंच नाही. मला वाटलं, नेमकं ऐकू गेलं नसेल. केवढं हायसं वाटलं मला.

*

आणि ही या दिवाळीची गोष्ट.

या वेळच्या कथेत मी सासूबाईंना लपवलंच नव्हतं. मुलाकडे राहायला आलेली म्हातारी. गावच्या बंद घराची किल्ली ती कमरेच्या बटव्यात बाळगते आणि रोज झोपताना चाचपून बघते. परत जाणं होणार नाही हे तिलाही माहीत असतं. सासूबाईंची किल्ली तशीच आहे, बटवाही तोच. लिहिताना मी रडले होते. छापून आल्यावर मात्र वाटलं, हे आता त्यांच्यासमोर वाचायचं कसं?

अंक आला त्या दुपारी त्यांनीच विचारलं, "आगटेंची आहे का गं?"

खोटं बोलवेना. "आहे," म्हटलं आणि वाचायला बसले. त्या कथेवर मी इतके महिने घालवले होते की शब्द न् शब्द पाठ होता. नजर त्यांच्या चेहऱ्यावरून हलतच नव्हती. किल्लीचा भाग आला तसा त्यांचा हात बटव्याकडे गेला आणि शेवटपर्यंत तिथेच राहिला.

कथा संपली. मीच विचारलं, "आई, आवडली नाही का?"

"म्हातारी छान जमलीय," त्या म्हणाल्या. "सून जरा जास्तच गुणी दाखवलीय."

मला हसावं की रडावं कळेना. त्यांनी चाचपत माझ्या मांडीवरचा अंक मिटला आणि त्यावर हात ठेवला.

"आणि वैशाली, आगटेंचं वाचतानासुद्धा मधूनमधून पान उलटत जा गं. दर वर्षी विसरतेस."