हातापुरती मूठ

सकाळच्या एसटीने राजुरा सोडलं तेव्हा माझ्या मांडीवर सांभारवड्यांचा डबा होता (सांभार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर) आणि मनात एक गोष्ट, जी मी सख्ख्या भावालाही सांगितली नव्हती. भावाची मुलगी पल्लवी गडचिरोलीला पोलिसात आहे, जंगलात जाणाऱ्या तुकडीत. पिस्तुलाच्या परीक्षेत पोरगी दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा झाली, तर तुकडीतून काढून कायमची ऑफिसात. फोनवर रडली तेव्हा मी म्हटलं, "होशील गं पास." खोटंच बोलले. तिने नापास व्हावं असं मला वाटत होतं. ऑफिसात डोक्यावर पंखा असतो, बरं का, आणि संध्याकाळी माणूस घरी येतो.

चंद्रपुरात गाडी बदलली. मूलच्या स्टँडवर खिडकीतूनच उकडलेले शिंगाडे घेतले. सालीला अजून तळ्याचा वास होता. आमच्याकडे या दिवसांत कापूस फुटलेला असतो. इथे मात्र जंगल सरलं की बांध्या (बांध घातलेली धानाची शेतं), पिवळ्याधमक, आणि मध्येच एखादी बोडी (लहान तळं), आभाळ पोटात घेऊन पडलेली.

सावलीच्या अलीकडे भावाचा फोन आला. गाडीचा खडखडाट एवढा की मी ओरडूनच सांगितलं, "अरे, तिची मूठ बदलून राह्यले म्हणते! जुनी मूठ बसतच नव्हती!"

शेजारच्या म्हातारीने आपली पिशवी माझ्यापासून दूर ओढली. कुरखेड्याकडची होती.

"कोण मारली वो बाई मूठ?" तिने हळूच विचारलं.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. इकडे मूठ मारणं म्हणजे करणी करणं!

"मारली नाई वो माय. पिस्तुलाची मूठ. पोरगी पोलिसात हाय."

"पिस्तुलाले बी मूठ रायते?"

"इळ्याले असते तशी."

म्हातारी पोट धरून हसली. मग पिशवीतून फडक्यात गुंडाळलेला इळा (विळा) काढून दाखवला. लेकीकडे धान कापायला चालली होती, स्वतःचा इळा घेऊन. "पातं तीनदा बदललं, मूठ तीच. माह्या बापानं माह्या हातापुरती करून देल्ली होती." मग डावा अंगठा पुढे केला. त्याचं टोकच नव्हतं. "एक डाव जाऊबाईचा इळा घेतला. मोठ्या हाताचा होता. दुसऱ्याच्या मुठीनं कापलं का आपलंच बोट जाते, बाई."

वैनगंगेचा पूल ओलांडला. पाणी उतरलेलं, वाळू उघडी. मी अंगठ्याकडेच बघत होते.

पल्लवीच्या कॅम्पात बाहेरच्या माणसाला आत सोडत नाहीत. फाटकाजवळ पत्र्याची शेड आहे, तिथे भेटायचं. पल्लवी आली, पाठोपाठ शस्त्रागाराचे हवालदार आले. त्यांच्या हातात तीन काळ्या, रिकाम्या मुठी होत्या, नुसते प्लास्टिकचे सांगाडे.

"भाऊ, पिस्तूल कुठी हाय?" मी विचारलं.

"ते आत, कुलपात. हे त्याचे कपडे, मावशी." हवालदार हौशी होते, समजावून सांगू लागले. नवीन पिस्तुलात घोड्याची सगळी यंत्रणा एका लहानशा लोखंडी चौकटीत असते. नंबर त्या चौकटीवर. तिच्यावर लहान, मधली, मोठी, पाहिजे ती मूठ चढवायची. वरचा भाग, नळी आणि गोळ्यांची डबी बदलली की त्याच चौकटीवर दुसऱ्या मापाची गोळीही चालते. "आमच्या रजिस्टरात पिस्तूल म्हणजे तेवढी चौकटच."

गंमत वाटली मला. म्हातारीचा इळा म्हणजे मूठ, पातं येतं-जातं. यांचं पिस्तूल म्हणजे आतलं लोखंड, मूठ येते-जाते.

"तू कोणती घेतली गं?"

पल्लवीने मधली उचलली, जमिनीकडे रोखून धरली. आणि मला दिसलं. बोट घोड्याच्या जागी पोहोचावं म्हणून तिचा अख्खा पंजा वळला होता, मनगट वाकडं झालं होतं. दहा वर्षांची असताना बापाचा मोठा इळा घेऊन सोयाबीन कापायला बसायची, तेव्हा अगदी असंच मनगट वाकायचं.

"मी म्हणून राह्यलो लहान घे," हवालदार म्हणाले, "पण ऐकते कोण?"

"तिले सगळे बालवाडीची मूठ म्हणतात, आत्या," पल्लवी खाली बघत म्हणाली.

मी गप्प बसले असते तरी चाललं असतं. मधली मूठ, वाकडं मनगट, परीक्षा उद्या. मला हवं ते आपोआप झालं असतं. डब्याचं झाकण उघडलं, परत लावलं. पण त्या मुठीवरचा तिचा अंगठा दिसत होता, आणि ही पोरगी नापास होऊन ऑफिसात गेली तरी पोलीसच राहणार, कधीतरी याच वाकड्या हाताने कुणासमोर उभी राहील, हेही दिसलं.

"लहान घे," मी म्हटलं.

"हसतात वो आत्या."

"हसू दे. बालवाडीत गेल्याशिवाय कोणी पोलीस झालं काय?" हवालदार मोठ्याने हसले. मग मी खरं सांगून टाकलं. "पोरी, तू नापास व्हावी म्हणून आली होती मी."

"मालूम हाय मले," ती म्हणाली. "पास होणाऱ्याले कोणी एवढ्या वड्या आणते काय?"

रात्र मी गावात ओळखीच्यांकडे काढली. दुसऱ्या दिवशी दुपारी, परीक्षा देऊन, ती मला स्टँडवर सोडायला आली. आल्या आल्या उजवा पंजा माझ्यासमोर उघडला. अंगठ्याच्या बेचक्यात काल मोठ्या मुठीचा लाल वळ होता. आज नव्हता. सोमवारी तुकडी जंगलात निघणार होती.

परतीच्या गाडीत पुलावर भावाला फोन लावला. पास झाली म्हटलं. "अरे देवा!" त्याच्या तोंडून निघालं. तेव्हा कळलं, तोही माझ्यासारखाच देवाला उलटं मागत बसला होता.

"कशी झाली पण?" त्याने विचारलं. "मधलीच मूठ होती ना तिच्याजवळ?"

"लहान घे म्हणून मीच सांगतलं."

"तू?"

"मी." शेजारच्या सीटवर आज कोणी नव्हतं, तरी मी आवाज उतरवला. बाहेर बांध्यांत बाया ओळीने धान कापत होत्या, प्रत्येकीच्या हातात आपापला इळा. "तिच्या हातात बसणारी तेवढी एकच होती रे."